नसांच्या दुखण्याची गोळी आणि तिचं घड्याळ

गॅबापेंटिन सुरू होऊन पाच दिवस झाले होते. रात्री अडीचच्या सुमारास बाथरूमला जायला उठले आणि समोरची भिंत हळूच डावीकडे सरकली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून पडले नाही. तिथेच, चौकट धरून उभ्या उभ्या, ठरवून टाकलं की उद्यापासून ही गोळी बंद. नागिणीचे फोड वाळून चार महिने झाले होते, पण उजव्या बरगडीखालचा पट्टा अजून असा भगभगायचा की अंगावरचं कापड टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. ती आग परवडली, पण ही गरगर नको, असं झालं होतं.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुखण्याबद्दल काही विचारलंच नाही.

"रात्रीची गोळी किती वाजता घेता?"

"साडेअकराला. झोपताना."

"आणि उठलात कधी? अडीचला? म्हणजे तिचा जोर अगदी टिपेला असताना उठलात. आजपासून साडेआठला घ्या. आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा."

डोस तोच राहिला, फक्त तीन तास अलीकडे आला. गरगर पूर्ण गेली नाही, पण चौकट धरायची वेळ पुन्हा आली नाही. त्यानंतर तीन वर्षांत मी नसांच्या दुखण्यावरची तीन औषधं घेऊन पाहिली, आणि प्रत्येक वेळी हेच दिसलं की त्रास कधी सुरू होतो आणि कधी ओसरतो हे कळलं की निम्मी लढाई सोपी होते. काही त्रास वेळ बदलून जातात, काही डोस सावकाश वाढवून, काही आठ-पंधरा दिवस धीर धरून. मोजके असे आहेत की तिथे धीर धरणं हीच चूक. यातलं आपलं कुठलं, ते ओळखायचं कसं, हे पुढे पायरीपायरीने लिहिलं आहे. डोस स्वतःच्या मनाने बदलण्यासाठी मात्र हा लेख वापरू नका. डॉक्टरांसमोर नेमकं बोलता यावं, एवढ्यासाठी तो आहे.

पहिली पायरी: आपली गोळी कुठल्या घरातली

स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. कंपनीचं ठळक नाव सोडून द्या, त्याखालचं औषधाचं मूळ नाव वहीत लिहा. नसांच्या दुखण्यावर पोटात घ्यायची औषधं बहुतेक तीन घरांतली असतात. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन हे एक घर. अमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन हे दुसरं, ड्युलोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन हे तिसरं. चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ येते त्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन देतात. एकाच गोळीत दोन औषधं एकत्र असतात असंही पुष्कळदा घडतं; कधी त्यात बी-१२ च्या कुळातलं मिथाइलकोबालामिनही असतं. अशा जोडगोळीत त्रास कशाचा हे सांगणं अवघड जातं, आणि एकाचा डोस कमी करून दुसऱ्याचा तसाच ठेवता येत नाही. त्रास फार होत असेल तर "ही दोन औषधं वेगवेगळी देता येतील का?" असं विचारायला हरकत नाही.

गुगलवर नाव टाकलं की पहिला धक्का बसतो. अमिट्रिप्टिलिन १९६१ साली नैराश्यावरचं औषध म्हणून आलं, गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली ती अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी. डॉक्टरांनी आपल्याला वेड्यात काढलं की काय, असं माझ्यासारखं तुम्हालाही वाटू शकतं. तसं नसतं. दुखावलेली नस कारण नसताना संदेश सोडत राहते. सूज आणि जखमेवर चालणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही, म्हणून नसांचा गोंगाट कमी करणारी औषधं लागतात. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन मज्जापेशींवरच्या कॅल्शियमच्या वाटांना, त्यातल्या 'अल्फा-२-डेल्टा' नावाच्या भागाला चिकटतात. त्यामुळे पुढच्या पेशीकडे जाणारा संदेश मंदावतो. पण बरगडीची नस कुठली आणि तोल सांभाळणारा मेंदू कुठला, हे गोळीला कळत नाही. दोन्हीकडे मंदावतं. म्हणून गुंगी.

दुसरी पायरी: वही

माझी वही म्हणजे जुन्या डायरीची उरलेली पानं. रोज चार गोष्टी लिहायच्या: गोळी किती वाजता घेतली, त्रास कधी सुरू झाला, कधी संपला, आणि दिवसातलं सगळ्यात जास्त दुखणं शून्य ते दहात किती. बाकी निबंध नको. माझ्या एका पानावर एवढंच आहे: "दुपारची गोळी २.००. झापड ३.३० ते ५. दुखणं ६. संध्याकाळी कपडे सहन झाले."

शक्य असेल तर गोळी सुरू करण्याआधीचे दोन-तीन दिवसही लिहून ठेवा. मला हे उशिरा सुचलं. चक्कर बीपीच्या गोळीनेही येते, साखर उतरल्यानेही येते, आणि पायांना बधिरता असेल तर अंधारात तोल जातोच, मग गोळी असो वा नसो. आधीची नोंद असली की नव्या पाहुण्यावर जुनं पाप चढवलं जात नाही. बाकी सगळ्या औषधांची यादीही त्याच वहीत ठेवा. ॲसिडिटीचं औषध, सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप, झोपेची गोळी हे सगळं त्यात आलं पाहिजे, कारण 'ते काय रोजचं नाही' म्हणून आपण नेमकं हेच सांगायचं विसरतो.

तिसरी पायरी: चढण सावकाश

पहिले पंधरा दिवस सगळ्यात त्रासाचे. गंमत अशी की या काळात त्रास पुरेपूर दिसतो आणि फायदा मात्र दिसत नाही. गोळी सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात.

गॅबापेंटिन कागदोपत्री पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ६००, तिसऱ्या दिवशी ९०० असं चढवता येतं. तरण्या, धडधाकट माणसाला जमतही असेल. मला तीन दिवसांत ९०० झेपलं नाही. डॉक्टरांनी ते दोन आठवड्यांवर नेलं आणि मगच ते अंगवळणी पडलं. प्रिगॅबालिनचा ठरलेला आरंभ ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा आहे, पण वयस्कर माणसाला बरेच डॉक्टर त्याहून कमी डोस, तोही फक्त रात्री, असा सुरू करतात. अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमने सुरू करतात. ड्युलोक्सेटिन पुष्कळदा आठवडाभर ३० देऊन मग ६० करतात. तेव्हा डोस वाढवल्यावर त्रास वाढला तर सगळंच बंद करण्याआधी हे विचारा: "मागच्या डोसवर आणखी आठवडाभर थांबू का?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. दुसरा प्रश्न: "दिवसाचा भाग कमी करून रात्रीचा मोठा करता येईल का?" दिवसा झापड आणि रात्री दुखणं, अशी जोडी असेल तर ही वाटणी फार उपयोगी पडते.

गॅबापेंटिनची एक खोड माहीत असावी. आतड्यातून ते एका ठरावीक वेगानेच रक्तात शिरतं. दिवसाला ९०० मिलिग्रॅम तीन भागांत घेतलं तर साधारण ६० टक्के अंगी लागतं, ३६०० घेतलं तर जेमतेम ३३ टक्के. म्हणजे डोस चौपट केला म्हणून परिणाम चौपट होत नाही, आणि दोन वेळचं एकदम घेऊन फायदा नाही. दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात ते याचसाठी. प्रिगॅबालिनचं असं नाही, ते ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. म्हणून शेजारच्या माणसाचं "मला तर ७५ लाच बरं वाटतं" हे ऐकून आपल्या ३०० कडे संशयाने बघू नका. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एका तराजूत घालता येत नाहीत.

चौथी पायरी: घड्याळ फिरवून बघणं

आता वही उघडा. आठवड्याभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की नक्षी दिसायला लागते. गॅबापेंटिन घेतल्यावर दोन-तीन तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि पाच ते सात तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. साडेआठला घेतलेली गोळी अडीचला बरीच उतरलेली असते, साडेअकराची नसते. माझ्या भिंतीचं गुपित इतकंच होतं.

प्रिगॅबालिन रिकाम्या पोटी दीड तासातच टिपेला पोचतं. जेवणासोबत घेतलं तर त्याला साधारण तीन तास लागतात आणि टीप पाव हिश्शाने तरी खाली येते. एकूण शोषण मात्र तेवढंच राहतं. गोळीनंतर तासा-दीड तासात एकदम गरगरत असेल तर हा फरक करून बघण्यासारखा आहे, कारण यात औषधाचं काहीच कमी होत नाही.

अमिट्रिप्टिलिनचा अंमल सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. 'झोपताना' म्हणून अकराला घेतलं की सकाळी नऊपर्यंत डोकं ओल्या कापसासारखं. तीच गोळी संध्याकाळी सात-आठला घेतली की झोप वेळेवर येते आणि सकाळी माणूस माणसात असतो. ड्युलोक्सेटिनचं उलट: काहींना त्याने झोपच उडते, त्यांनी सकाळी घ्यावं. ज्यांना त्याने पेंग येते त्यांनी रात्री. तुमचं यातलं कुठलं, हे वहीच सांगेल.

ॲसिडिटीवरची ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमवाली औषधं गॅबापेंटिनसोबत घेतली तर ते कमी शोषलं जातं. दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. काही दिवस गोळी लागू पडते आणि काही दिवस नाही असं होत असेल तर आधी इकडे बघा.

झापड आणि तोल

ही तक्रार सगळ्यात जास्त जणांची, आणि हाड मोडतं ते इथेच. रात्री उठायचं झालं तर आधी उठून बसा, पाय खाली सोडा, पायाचे पंजे दहा-बारा वेळा वर-खाली करा, मगच उभे राहा. बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. वाटेतली सुटी पायपुसणी उचलून टाका. वयस्कर माणसाला 'जपून चाल' असं सांगून काही होत नाही, पायपुसणं उचलल्याने होतं.

गाडी चालवण्याबद्दल स्वतःवर विश्वास ठेवू नका. गुंगीत असलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं. सुरुवातीचे दिवस आणि प्रत्येक डोस-वाढीनंतरचे काही दिवस गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या. दारू या औषधांबरोबर नकोच. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्याही केमिस्टला विचारूनच घ्या, कारण दोन गुंग्यांची बेरीज साधी राहत नाही.

शब्द सापडत नाहीत तेव्हा

एकदा कात्री हवी होती. समोर ड्रॉवर उघडा, हातात धागा, आणि मला 'कात्री' हा शब्द येईना. "ते... कापायचं दे गं," म्हटलं. मुलगी हसली, मीही हसले, आणि मग रात्रभर जागी राहिले: हे स्मृतिभ्रंशाचं तर नाही?

ते गॅबापेंटिन होतं. विचार मंदावणं, नावं हरवणं, बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटणं हे या घरातल्या औषधांत होतं, डोस वाढवला की जास्त होतं. कुणी लवकर सांगत नाही, कारण लाज वाटते. पण हिशेबाची, यंत्राची, जोखमीची कामं करणाऱ्याने हे लगेच सांगायला हवं. माझा दिवसाचा डोस थोडा उतरवल्यावर आठवड्याभरात शब्द परत आले. दुखणं ४ वरून ५ वर गेलं. तो सौदा मी आनंदाने केला.

सूज आणि वजन

मोज्याचं इलॅस्टिक घोट्यावर खोल वळ उमटवायला लागलं की लक्ष द्या. नडगीच्या खालच्या भागावर अंगठा दहा सेकंद दाबून काढा. खळगा तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन दोन्हींनी येते. बीपीसाठी अम्लोडिपिन किंवा मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर ही शंका आधी मांडा, कारण सूज त्यांनीही येते आणि एकमेकांत भर पडते. हृदय कमजोर असलेल्यांनी तर लगेच सांगावं. लघवी वाढवणारी गोळी मनाने सुरू करणं हा यावरचा उपाय नव्हे. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत आणि गरम लागत असेल, तर तो गोळीचा दुष्परिणाम समजू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

वजनाचं म्हणाल तर भूक वाढते, हे खरं. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उठल्यावर वजन करा. महिन्याभराने एकदम पाच किलो दिसण्यापेक्षा पहिल्या दोन किलोला बोललेलं बरं.

कोरड, पोट, लघवी

अमिट्रिप्टिलिनच्या घराची ही खूण. तोंड असं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, आणि रात्री उशाशी पाण्याची बाटली. गोड गोळ्या चघळू नका. लाळ कमी असली की दात झपाट्याने किडतात, म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगणं, दोन्ही करा. पोट साफ होत नसेल तर चोथा आणि पाणी वाढवा, चाला. चार दिवस वाट बघून मग जुलाबाचं औषध घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच हालचाल केलेली बरी.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी या औषधाने अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ईसीजी काढूनच हे द्यायचं असतं. डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही सांगा. आणि एक गोष्ट: अमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर जीवघेणं ठरतं. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावर आणि कुलपात.

ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

इथे सुरुवातीची तक्रार मळमळीची. जेवणासोबत घेतलं की कमी होते आणि बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत जाते. कॅप्सूल उघडून किंवा चावून घेऊ नका. आतल्या दाण्यांवर पोटातल्या आम्लापासून बचावाचा थर असतो. घाम फार येतो, बीपी थोडं चढू शकतं, तेवढं मोजत राहा. रोज ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या घेत असाल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासोबत दिलं असेल तर "हे दोन्ही एकत्र चालेल ना?" हे विचारूनच घ्या. दोघं मिळून शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोक्याच्या पातळीला नेऊ शकतात: कंप, घाम, ताप, बेचैनी, धडधड. लैंगिक इच्छा कमी होणं हाही या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, रुग्ण सांगत नाही, आणि घरात भलताच गैरसमज वाढतो. वहीत लिहून ती वही पुढे सरकवली तरी चालते.

कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी रक्तातलं सोडियम आणि पेशींची तपासणी चुकवू नये. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं, हेही बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं. आशियाई वंशाच्या काही लोकांत एचएलए-बी*१५०२ हे जनुक असतं, त्यांना या औषधाने त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका जास्त. ते सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी करून हे कळतं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर या लेखातलं कुठलंही औषध असो, आधी डॉक्टरांशी बोला.

मुरलेली गोळी अचानक जड होते तेव्हा

गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन शरीरात मोडत नाहीत, जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडतात. त्यामुळे डोस मूत्रपिंडाच्या ताकदीवर बेतावा लागतो. वर्षभर छान चाललेल्या माणसाला उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी आटलं, की तोच डोस साचायला लागतो. पेंग हटत नाही, हातापायांना झटके बसतात, बोलणं जड होतं. घरचे म्हणतात, 'अशक्तपणा आहे, झोपू दे.' झोपू देऊ नका, फोन करा. आणि दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, करताना 'मी ही गोळी घेते' हे सांगा.

इथे वाट बघायची नाही

श्वास संथ किंवा उथळ होणं, माणूस हलवूनही नीट जागा न होणं. अफूच्या कुळातली वेदनाशामकं सोबत चालू असतील, फुप्फुसांचा जुना आजार असेल किंवा वय जास्त असेल तर हा धोका वाढतो. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिनबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. चेहरा, ओठ, जीभ सुजणं. अंगावर पुरळ आणि त्यासोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल, विशेषतः कार्बामाझेपिनवर. लघवी पूर्ण अडणं. छातीत धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागणं, कारण सोडियम खाली गेलेलं असू शकतं. यातलं काहीही झालं की वही बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना.

मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार नव्याने येऊ लागले तर तेही याच यादीत धरा. सततच्या दुखण्याने माणूस खचतो, आणि यातल्या काही औषधांनी क्वचित असे विचार वाढतात. दोन्हींपैकी कारण कुठलं हे तुम्ही एकट्याने शोधत बसू नका. घरातल्या कुणाला तरी त्याच तासाला सांगा, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी.

फायदा होतोय का, हे मोजायचं कसं

दुखणं शून्यावर येण्याची वाट बघत बसलात तर निराशाच हाती येईल. दुखणं ३० टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ८ चं साडेपाचच्या आसपास आलं, तर वैद्यकशास्त्र त्याला अर्थपूर्ण आराम मानतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातले आकडे मला फार काही शिकवून गेले. औषधामुळे एका जास्तीच्या माणसाचं दुखणं निम्म्यावर यायला अमिट्रिप्टिलिनच्या घरातलं औषध साधारण चार जणांना द्यावं लागतं, ड्युलोक्सेटिनच्या घरातलं सहा जणांना, प्रिगॅबालिन जवळजवळ आठ जणांना. म्हणजे एखादी गोळी लागू न पडणं ही तुमची चूक नाही, दुखणं खोटं असल्याचा पुरावा तर नाहीच. झेपेल तेवढ्या डोसवर सहा-आठ आठवडे नीट घेऊनही फरक नसेल, तर दुष्परिणाम सोसत ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या घरातली बघायची.

दुखणं हाताएवढ्या जागेपुरतंच असेल तर वरून लावायच्या उपायांबद्दल विचारा. ५ टक्के लिडोकेनचा पट्टा बारा तास लावून बारा तास काढून ठेवतात. त्याचं औषध रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे गुंगीचा प्रश्न येत नाही. कॅप्सेसिनचं मलम मिरचीतल्या तिखटाचं असतं, सुरुवातीला भाजतं. लावल्यावर हात साबणाने धुवा. मी एकदा विसरले आणि डोळा चोळला. पुन्हा विसरले नाही.

डॉक्टरांकडे जाताना वहीतून तीन ओळी काढून न्या: सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तो किती वाजता, आणि गोळी सुरू झाल्यापासून काय करता यायला लागलं. "मला फार चक्कर येते" यावर डॉक्टर गोळी बंद करतील किंवा दुर्लक्ष करतील. "दुपारी दोनच्या गोळीनंतर साडेतीन ते पाच चक्कर येते, रात्रीच्या गोळीने येत नाही" यावर त्यांना काही करता येतं.

उतरताना

एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. आणि यातली कुठलीही गोळी एका झटक्यात बंद करू नका. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन निदान आठवडाभर, ड्युलोक्सेटिन निदान दोन आठवडे हळूहळू उतरवतात. बरीच वर्षं घेतली असेल तर महिने लागतात. एकदम थांबवलं तर झोप उडते, घाम, मळमळ, घालमेल. ड्युलोक्सेटिन सोडताना डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं. अपस्मार असलेल्यांना फिट येऊ शकते. प्रवासाला निघताना, सुट्यांच्या आधी, स्ट्रिपमध्ये आठवड्याचा साठा उरला असतानाच नवी आणा.

गोळी उतरवताना दोन-चार दिवस दुखणं उसळतं. ते मूळ दुखणं परत आलं की नुसता उतरणीचा त्रास, हे कळायला मला पुन्हा वहीच उघडावी लागली. उतरणीचा त्रास डोस कमी केल्यावर दोन दिवसांत सुरू झाला आणि आठवड्याभरात निवळला. ज्या पायरीवर तो निवळला नाही, तिथून आम्ही एक पायरी मागे आलो आणि दोन महिने थांबलो. सध्या माझी सकाळची आणि दुपारची गोळी बंद आहे. रात्रीची ३०० ची आहे, साडेआठला.